१०८ मेगापिक्सेलचा फोन गटाला हवा का?

तायांनो, पापड-लोणच्याचे फोटो चांगले यावेत म्हणून गटाच्या पैशातून १०८ मेगापिक्सेलचा महागडा फोन घ्यायचं चाललं असेल, तर ठरावावर सह्या करण्याआधी हे वाचा.

फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. १० लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात. एट-केवर त्याच्या चौपट, सुमारे ३ कोटी ३२ लाख. १०८ मेगापिक्सेल म्हणजे १० कोटी ८० लाख! एट-केचा पडदासुद्धा ते सगळे दाखवू शकत नाही.

शिवाय असे अनेक फोन एरवी नऊ-नऊ ठिपके एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. व्हॉट्सॲपवर टाकला की तो आणखी लहान होतो, आणि गिऱ्हाईक बघतं तो हाच. पाकिटावर चार बाय सहा इंचाचा फोटो छापायलाही साधारण २२ लाख ठिपके पुरतात.

आधी हातातल्या फोनची काच मऊ सुती कापडाने पुसा, माल खिडकीच्या उजेडात ठेवा आणि झूम न करता जवळ जाऊन फोटो काढा. तरीही फोन घ्यायचाच असेल, तर दुकानात आतल्या कमी उजेडात फोटो काढून बघा, मगच पैसे द्या.