टिंब दिसलं की शिफ्ट दाबू नकोस

बाळा, साहेबांना पाठवायची ईमेल काल तू मला वाचायला दिलीस. इंग्रजी झकास आहे तुझं, माझ्यापेक्षा चांगलं. फक्त कॅपिटल अक्षरं वाटेल तिथे सांडली आहेत. यात तुझ्या एकटीचा दोष नाही. आपल्या बाराखडीत लहानमोठं अक्षर हा प्रकारच नाही. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडीसाहेबांनी मराठीत विरामचिन्हं रुजवली तीही इंग्रजीवरून. चिन्हं तेवढी आली, पहिली लिपी, म्हणजे कॅपिटल अक्षरं, तिकडेच राहिली. म्हणून टिंबानंतर काय करायचं हे आपल्या हाताला उपजत ठाऊक नसतं.

माझा जन्म टाइपरायटरवर गेला. शिफ्टला शिफ्ट का म्हणतात सांगू? एकाच दांडीवर लहान आणि मोठं अशी दोन्ही अक्षरं असायची, आणि ती कळ दाबली की मशिनचा एक भाग खरोखरच सरकायचा. ही सोय 1878 च्या रेमिंग्टन नंबर 2 मध्ये आली. आधीच्या मशिनवर नुसती कॅपिटलच उमटायची. सरकणाऱ्या त्या भागाचं सगळं वजन करंगळीने पेलायचं. उगाच कॅपिटल मारायची चैन आम्हाला परवडत नव्हती.

तेव्हा पहिलं सांगणं हेच, की चिन्हाकडे बघू नकोस, वाक्य संपलं का ते बघ. पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह यांच्यापुढे कॅपिटल, हे तू पाचवीतच शिकलीस. पण प्रत्येक टिंब म्हणजे पूर्णविराम नव्हे. तू ‘अप्रॉक्स.’ लिहून टिंब दिलंस आणि पुढच्या ‘फॉर्टी’चा एफ मोठा झाला. हा मोबाइलचा आगाऊपणा. टिंब दिसलं की त्याला वाटतं वाक्य आटोपलं. अशा प्रत्येक आखूड शब्दापाशी थांबून मागे बघत जा.

अवतरणचिन्हांत भलेभले घसरतात. “व्हेअर आर यू?” शी आस्क्ड. इथे प्रश्नचिन्ह आहे, तरी ‘शी’चा एस लहान. प्रश्न संपला, पण वाक्य ‘आस्क्ड’पाशी संपतं. तसंच “कम इन,” ही सेड, “अँड शट द डोअर.” यात ‘अँड’चा ए लहान, कारण बोलणाऱ्याचं तेच वाक्य मधे तोडून पुढे चाललंय. ‘ही सेड’नंतर स्वल्पविरामाऐवजी पूर्णविराम असता, तर पुढचं बोलणं कॅपिटलने सुरू झालं असतं.

स्वल्पविराम आणि अर्धविरामानंतर लहानच अक्षर; अर्थात पुढे माणसाचं, गावाचं किंवा वाराचं नाव आलं तर ते आपला मान घेऊनच येतं. पत्राच्या मायन्याची गोष्ट मात्र निराळी, आणि ती मी मार खाऊन शिकलो. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ‘डिअर सर,’ असं मारलं, स्वल्पविराम दिला आणि खालची ओळ इमानदारीत लहान अक्षराने सुरू केली. साहेबांनी लाल शाईने त्या अक्षराभोवती गोल काढून कागद परत पाठवला. खाली तीन कार्बन कॉप्या होत्या. खोडलं असतं तर चारही कागदांवर डाग दिसला असता, म्हणून अख्खं पत्र पुन्हा मारलं. मायन्यानंतर स्वल्पविराम असला तरी मजकूर कॅपिटलनेच सुरू होतो. शेवटी ‘युअर्स फेथफुली’त वाय मोठा, एफ लहान. तू दोन्ही मोठे केलेत.

अपूर्णविराम, म्हणजे तुमचा कोलन, यावर खुद्द इंग्रजीवाल्यांतच एकमत नाही. ब्रिटिश रिवाजात त्यानंतर सहसा लहान अक्षर. अमेरिकेत एपीए या शैलीपुस्तिकेवाले पुढे पूर्ण वाक्य असेल तर कॅपिटल करायला सांगतात. शिकागो मॅन्युअल या दुसऱ्या शैलीपुस्तिकेला 2024 पर्यंत त्यासाठी पुढे निदान दोन वाक्यं लागायची. मी ब्रिटिश वळणावर वाढलो, मला लहानच बरं दिसतं. तुझी कंपनी अमेरिकन असेल तर त्यांची रीत विचारून घे. एका कागदावर दोन रिती मात्र नकोत, ते गबाळं दिसतं.

कंस राहिला. कंसात स्वतंत्र वाक्य असेल तर कॅपिटल आणि पूर्णविरामही आतच. वाक्याच्या पोटातला कंस असेल तर दोन्ही नकोत.

ती मेल अजून पाठवली नसशील, तर आधी ‘फॉर्टी’चा तो एफ लहान कर.