जाड भिंत आणि वायफाय

आमचे घर जुने आहे. दगडमातीच्या भिंती दोन-दोन हात जाड. उन्हाळ्यात आत गार वाटते, पण माजघरातले वायफाय पडवीत पोचतच नाही. ताईचा शिष्यवृत्तीचा फॉर्म दोनदा अर्ध्यात अडकला. ती रडलीच.

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, वायफाय म्हणजे रेडिओलहरी. जाड भिंत त्या शोषून घेते, लोखंडी पत्रा परत फिरवतो. आणि आमचा राउटर लोखंडी कपाटामागेच की! त्यात २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन प्रकारच्या लहरी आहेत. ५ वर माहिती भरभर येते, पण भिंतीतून जाताना ती लहर जास्त क्षीण होते. म्हणून २.४ निवडली. राउटर पडवीच्या दारासमोर उंच फळीवर ठेवला, दार उघडे टाकले. फॉर्म गेला!

आजी मात्र ओरडते, "दार लावा रे, मांजर दुधाला तोंड लावतंय."