आधी अर्ज, मग पाना

फ्रीमाँट, सॅन होजे, सनीव्हेलकडे नव्याने आलेल्या पोरांनो, पहिली गाडी जुनी घेता ते बरंच करता. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की आठ वर्षांपेक्षा जुनी पेट्रोलची गाडी इथे दर दोन वर्षांनी स्मॉग चेकला, म्हणजे धुराच्या तपासणीला, न्यावी लागते. ती पास झाल्याशिवाय रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण पूर्ण होत नाही. नापास झाली, की माणूस घाबरतो आणि मेकॅनिक म्हणेल त्याला हो म्हणून बसतो. तसं करू नका. त्या वेळी काय करायचं ते सांगतो.

लगेच दुरुस्तीला लागू नका. कॅलिफोर्नियाच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरची ‘कन्झ्युमर असिस्टन्स प्रोग्रॅम’ नावाची योजना आहे. तिला सगळे ‘कॅप’ म्हणतात. अर्ज मंजूर होण्याआधी केलेल्या कामाचे पैसे ती देत नाही. मंजुरीनंतरही काम ब्युरोशी करार असलेल्या स्टार स्टेशनवरच करून घ्यायचं.

रक्कम चांगली आहे. १९९६ आणि त्यानंतरच्या मॉडेलला १,४५० डॉलरपर्यंत, १९७६ ते १९९५च्या मॉडेलला १,१०० डॉलरपर्यंत. खर्चाचा थोडा वाटा आपणही उचलायचा असतो. घराचं कर कापण्याआधीचं उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या २२५ टक्क्यांच्या आत हवं. म्हणजे मर्यादा त्या रेषेच्या दुपटीहून वर आहे. एका पगारावर चालणारी बरीच घरं तिच्यात बसतात. ‘आपल्याला कोण देणार’ असं आधीच ठरवून टाकू नका.

फी थांबवू नका. गाडी नापास असली तरी डीएमव्हीची, म्हणजे मोटार वाहन खात्याची, फी मुदतीत भरा, नाहीतर वर दंड चढतो. रजिस्ट्रेशनची मुदत संपत आली असेल, तर ५० डॉलर भरून ६० दिवसांचा तात्पुरता परवाना मिळू शकतो.

घेतानाच जपा. जुनी गाडी विकणाऱ्याने गेल्या ९० दिवसांतलं स्मॉग सर्टिफिकेट देणं ही त्याची जबाबदारी आहे. ते हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. मालकी बदलत असताना गाडी नापास झाली, तर दुरुस्तीसाठी कॅपची मदत नाही. धूर रोखणाऱ्या भागांशी कुणी छेडछाड केलेली असेल तरीही नाही. कंपनीच्या नावावरच्या गाडीलाही नाही.

चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल, तर टेस्टला नेऊच नका. गाडी नापास होणार हे ठरलेलं. बॅटरी काढून दिवा घालवण्याच्या सल्ल्यालाही भुलू नका. बॅटरी काढली, की गाडीच्या संगणकातल्या नोंदी पुसल्या जातात. त्या पुन्हा जमेपर्यंत गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवावी लागते.

गाडी थकली असेल, तर सोडून द्या. दुरुस्ती परवडणारी नसेल, तर हीच योजना गाडी मोडीत काढायला १,३५० डॉलर देते, कमी उत्पन्न असलेल्यांना २,०००. मात्र तिथेही मंजुरीचं पत्र आधी हवं. यार्डापर्यंत गाडी स्वतःच्या इंजिनावर गेली पाहिजे, म्हणून तिचे भाग काढून विकू नका. शिवाय रकमा आणि अटी बदलत असतात. अर्ज भरताना ब्युरोच्या संकेतस्थळावर पुन्हा बघून घ्या.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपली माणसं मदत मागायला लाजतात आणि क्रेडिट कार्डावर कर्ज करून ठेवतात. हे पैसे भीक नव्हेत. नव्या गाड्यांचे मालक स्मॉग चेकऐवजी जी फी भरतात, तिचा काही भाग याच कामाला लागतो. तुमची गाडी स्वच्छ चालली, तर तिच्यामागून शाळेत चालत जाणाऱ्या लेकरांच्या छातीत कमी विष जाईल. म्हणून नापासाचा कागद हाती पडला, की त्याच संध्याकाळी अर्ज भरा, आणि शेजारच्या घरी कुणाची गाडी अडली असेल तर त्यांनाही भरायला लावा.