रोहिणीपासून दमणगंगेपर्यंत

शाक्य आणि कोलिय यांच्या सीमेवरून रोहिणी नदी वाहत असे. तिचे पाणी आधी कोणी घ्यावे, यावरून दोन्हीकडच्या लोकांत भांडणे होत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे मूळ याच पाणीतंट्यात दाखविले आहे. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला, तेव्हा सिद्धार्थाने त्यास विरोध केला. दोन शाक्य व दोन कोलिय निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी निवाडा करावा, असे त्याने सुचविले.

आपल्या नाशिक जिल्ह्यालाही अशा नद्या आहेत. दिंडोरी तालुक्यात उगम पावणारी दमणगंगा पेठच्या डोंगरांतून गुजरातेत उतरते आणि दमणजवळ समुद्रास मिळते. सुरगाण्याकडील पार आणि नारही तिकडेच वाहतात. या खोऱ्यांत कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाचे पाडे आहेत. भात, नागली, वरई ही त्यांची पिके. पावसाळ्यात येथे पाणी उदंड; मात्र उतारावर ते थांबत नाही. उन्हाळ्यात आयाबहिणी हंडे घेऊन दूरच्या झऱ्यावर जातात आणि अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे स्थलांतर करतात. आमच्या वसतिगृहात येणाऱ्या कित्येक मुलांचे घर असे वर्षातून दोनदा हलते.

3 मे 2010 रोजी केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांनी दमणगंगा-पिंजाळ व पार-तापी-नर्मदा या नदीजोड योजनांचे अहवाल तयार करण्यासाठी करार केला. 2022 मध्ये आदिवासींच्या तीव्र विरोधानंतर गुजरात सरकारने पार-तापी-नर्मदा योजना रद्द केल्याचे जाहीर केले. त्याच वर्षअखेर सुरगाण्यातील काही सीमावर्ती गावांनी सोयींअभावी गुजरातेत जाण्याची मागणी केली. धरणाला विरोध आणि राज्य सोडण्याची भाषा, या दोहोंमागील वेदना एकच: आमच्याविषयीचे निर्णय आम्हांला न विचारता होतात.

संविधानाच्या अनुच्छेद 262 ने आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांसाठी निवाड्याची वाट ठेवली. 1956 च्या कायद्याने लवाद आला. रोहिणीकाठच्या सूचनेशी त्याचे नाते सहज दिसते. परंतु लवादापुढे पक्षकार असतात ती राज्ये. पाड्याला तेथे आसन नाही. अनुसूचित क्षेत्रांत भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा विचार घ्यावा, असे 1996 चा पेसा कायदा सांगतो. पाड्याचा आवाज पोहोचण्याची ही एक वाट आहे.

महाडच्या चवदार तळ्यावर 1927 साली आपण पाण्यावरील माणूसपणाचा हक्क सांगितला. तो हक्क केवळ आपल्यापुरता नव्हता. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे: शिकून गावी परतलात, की ग्रामसभेत बसा, कागद वाचा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. निवाड्याच्या पंक्तीतील पाचवा माणूस तेथूनच घडेल.