कंपनीच्या आतली खबर : भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी एक व्यवसाय



बारावीनंतर काय करावे हे विचारायला जे पालक शाळेत येतात, त्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास असते : “मुलीला भाषा चांगली येते, निबंध छान लिहिते, पण गणितात मार्क कमी. म्हणजे कम्प्युटर लाइन तिच्यासाठी नाही.” हे अर्धेच खरे आहे. प्रोग्राम लिहिण्याचे काम तिला कदाचित आवडणार नाही. पण मोठ्या कंपन्यांच्या कम्प्युटर व्यवस्थेत एक काम असे आहे, जे भाषेच्या माणसावाचून नीट होत नाही. त्याला ‘इंटर्नल कम्युनिकेशन’ म्हणतात. आपण त्याला अंतर्गत संवाद म्हणू.

जाहिरात ग्राहकासाठी असते, प्रेसनोट वर्तमानपत्रासाठी असते. अंतर्गत संवाद असतो आपल्याच माणसांसाठी. सुटीचा नियम बदलला, पगाराची पावती आता मोबाइलवर मिळणार, अमुक यंत्राजवळ हातमोजे घालू नयेत, कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होणार, अशा शेकडो गोष्टी हजारो लोकांना वेळेवर, समजेल अशा भाषेत आणि खऱ्या सांगाव्या लागतात.

हे काम नवे नाही. अमेरिकेतील लॉवेल येथील कापड गिरण्यांत काम करणाऱ्या मुलींनी लिहिलेले ‘लॉवेल ऑफरिंग’ हे मासिक १८४० मध्ये निघाले. आपल्याकडचे उदाहरण तर घरचेच आहे. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, ते मुळात कारखान्याचे मुखपत्र होते. पुढे नावातला ‘खबर’ शब्द गळाला आणि त्याच घरातून १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. नांगर आणि पंप करणाऱ्या कारखान्याच्या पत्रिकेतून मराठीतील एक मोठे मासिक उभे राहिले, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. देवासला किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे, तेथून जाताना ही गोष्ट आठवावी.

अशा पत्रिका चालवणाऱ्यांना इंग्लंड-अमेरिकेत ‘इंडस्ट्रियल एडिटर’, म्हणजे उद्योगपत्रांचे संपादक, म्हणत. ब्रिटनमध्ये त्यांची संघटना १९४९ मध्ये झाली. आज ते संपादक कागदावर कमी आणि पडद्यावर अधिक काम करतात, आणि येथूनच कम्प्युटरचा संबंध सुरू होतो.

कंपनीच्या आत चालणारी, बाहेरच्याला न दिसणारी वेबसाइट म्हणजे इंट्रानेट. त्याच्या जोडीला निरोपांची, बैठकींची, कागदपत्रांची साधने आली. या सगळ्याला मिळून ‘डिजिटल वर्कप्लेस’ म्हणतात. लोटस नोट्स हे १९८९ मध्ये आले. मायक्रोसॉफ्टचे शेअरपॉइंट २००१ मध्ये, यॅमर २००८ मध्ये, स्लॅक २०१३ मध्ये आले. टीम्स २०१७ मध्ये जगभर उपलब्ध झाले. यांतील स्लॅकची गोष्ट गमतीची आहे. एक कंपनी ‘ग्लिच’ नावाचा खेळ बनवत होती. खेळ चालला नाही, पण तो बनवताना आपसात बोलण्यासाठी केलेले साधन टिकले आणि २०२१ मध्ये सेल्सफोर्सने ते काही हजार कोटी डॉलर देऊन विकत घेतले. उलट, फेसबुकने २०१६ मध्ये काढलेले ‘वर्कप्लेस’ बंद करण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली. लोटस नोट्स आयबीएमकडून २०१९ मध्ये आपल्या एचसीएलकडे आले. म्हणून कोणी “अमुक सॉफ्टवेअरचा कोर्स करा, आयुष्यभराची सोय होईल” असे सांगितले तर त्याला फी देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

आता तुम्ही विचाराल, नोटीस लिहिण्यात एवढे काय मोठे? उत्तरासाठी एक दुःखद प्रकरण पाहू.

१६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ अंतराळयान उडाले. त्यात कर्नालची कल्पना चावला होती. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. हे चित्रणात दिसले होते. यान आकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा हिशोब केला आणि तो स्लाइडवर मांडला. त्यातील एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते, की चाचण्यांच्या आधारे केलेल्या हिशोबात पुरेशी खबरदारी धरलेली आहे. आणि त्याच स्लाइडच्या अगदी तळाशी, लहान अक्षरांत, असे होते की चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा होता आणि यानावर आदळलेला १९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा! ज्या चाचणीवर दिलासा उभा होता ती या प्रसंगाला लागूच पडत नव्हती. माहिती समोर होती, पण ज्याने निर्णय घ्यायचा त्याच्या डोळ्यांना ती दिसेल अशी लिहिलेली नव्हती. एका अभियंत्याने तर यानाची छायाचित्रे घ्यावीत असा कळकळीचा ईमेल लिहिला, पण तो वरिष्ठांना पाठवलाच नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान नष्ट झाले आणि सातही जण गेले. अपघाताचे कारण फोमच. पण चौकशी मंडळाने २००३ च्या अहवालात या स्लाइडची स्वतंत्र चर्चा केली आणि संस्थेच्या आत माहिती पोहोचवण्याच्या पद्धतीला दोष दिला.

मला वाटते, भाषेच्या तासाला सारांशलेखन शिकवताना हे उदाहरण फळ्यावर लिहावे. मुख्य गोष्ट वर आणि शंका स्पष्ट, एवढेच आपण मुलांना सांगत असतो. तेच तेथे झाले नव्हते.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. समजा, एका कंपनीचे इंट्रानेट नव्याने बांधायचे आहे. जुन्यावर काही हजार पाने आहेत. त्यांतील कोणते चालू, कोणते शिळे, कोणते दोनदा लिहिलेले, याची यादी करणे हे पहिले काम. कंटाळवाणे आहे, पण अर्धे यश त्यात असते. प्रत्येक पानाला एक जबाबदार माणूस नेमायचा आणि तपासणीची तारीख ठरवायची. नंतर पानांची मांडणी. येथे चिठ्ठ्यांची एक सोपी पद्धत वापरतात. प्रवासभत्ता, ओळखपत्र, मातृत्वरजा असे विषय चिठ्ठ्यांवर लिहून कर्मचाऱ्यांना देतात आणि सांगतात, तुम्हाला वाटेल तसे ढीग करा व ढिगांना नावे द्या. मग लक्षात येते की प्रवासभत्ता ‘वित्त विभागा’त ठेवला आहे आणि माणसे तो ‘टूर’ या शब्दाखाली शोधत आहेत. कंपनीची रचना साहेबाच्या डोक्यात असते, कर्मचाऱ्याच्या डोक्यात त्याची अडचण असते. मांडणी अडचणीप्रमाणे करावी लागते. पहिल्या पानावर कोणाचा फोटो किती मोठा, यावरून जे राजकारण होते त्याबद्दल न लिहिलेलेच बरे.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे काम संपेल का? मला उलट वाटते. मायक्रोसॉफ्टचे कोपायलट कंपन्यांसाठी नोव्हेंबर २०२३ पासून मिळू लागले. असे साधन विचारणाऱ्याला पाहण्याची परवानगी असलेल्या कागदांतून उत्तर काढते. रजेचा जुना नियम आणि नवा नियम दोन्ही तेथे पडून असतील, तर ते जुना नियमही तितक्याच ठामपणे सांगू शकते. एखाद्या बाईने त्या भरवशावर रजा घेतली आणि पगार कापला गेला, तर दोष कोणाचा? जुने कागद वेळीच काढणारा आणि परवानग्या नीट लावून घेणारा माणूस आता पूर्वीपेक्षा अधिक लागतो. साधे परिपत्रक मात्र यंत्र लिहून देईल, त्यामुळे फक्त तेवढेच येणाऱ्याला जागा कमी राहतील.

दुसरा मोठा प्रश्न टेबल-खुर्ची नसलेल्यांचा. कारखान्यातील कामगार, ड्रायव्हर, नर्स यांना बहुधा कंपनीचा ईमेल नसतो. जर्मनीतील केम्निट्झ गावात २०१४ मध्ये सुरू झालेली ‘स्टाफबेस’ ही कंपनी अशाच लोकांसाठी मोबाइल अ‍ॅप बनवून वाढली. पण अ‍ॅप हातात आले तरी भाषा? मुख्य कार्यालयातून इंग्रजी सूचना निघते ‘लॉकआउट-टॅगआउट’ची. पिथमपूरच्या एखाद्या कारखान्यात ती वाचणारा हिंदी किंवा माळवी बोलणारा असतो, शेजारचा खानदेशातून आलेला. त्याला असे लिहून हवे : “मशीनमध्ये हात घालण्यापूर्वी वीज बंद करा, कुलूप लावा, किल्ली आपल्याच खिशात ठेवा.” हे वाक्य लिहिणाऱ्याला यंत्रही थोडे कळले पाहिजे आणि माणूसही. घरी मराठी, शाळेत हिंदी, पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांना हे जमते. ती त्याला गुण समजत नाहीत, ही खरी अडचण आहे.

या वाटेने जायचे कसे? ‘इंटर्नल कम्युनिकेशन’ची स्वतंत्र पदवी सहसा मिळत नाही. पत्रकारिता, जनसंपर्क, भाषा किंवा मनुष्यबळ व्यवस्थापन यांतून माणसे येतात. आपल्या इंदूरला देवी अहिल्या विश्वविद्यालयात पत्रकारितेचे शिक्षण मिळते, भोपाळला माखनलाल चतुर्वेदी विश्वविद्यालय आहे, दिल्लीला १९६५ मध्ये स्थापन झालेली भारतीय जनसंचार संस्था आहे. सुरुवात कंपनीच्या पत्रिकेतील लेखक म्हणून होते. पुढे इंट्रानेटचा संपादक, मग व्यवस्थापक, मग संपूर्ण डिजिटल वर्कप्लेसची जबाबदारी. काही जण साधने बनवणाऱ्या कंपन्यांत जातात आणि ग्राहक-कंपन्यांना ती वापरायला शिकवतात. शेअरपॉइंटवर पान बनवायला प्रोग्रामिंग लागत नाही. आकड्यांचे तक्ते वाचता यावेत, थोडे एचटीएमएल यावे. किती जणांनी सूचना उघडली आणि किती जणांनी त्याप्रमाणे केले, या दोन आकड्यांतला फरक कळावा.

इंग्रजीबद्दल स्पष्ट सांगतो. ती लागते. मी हिंदी माध्यमातून पदवी घेतली आहे, म्हणून इंग्रजीची भीती काय असते ते मला पुस्तकातून वाचावे लागत नाही. पण येथे झगमगती इंग्रजी नको असते, सरळ हवी असते, आणि सरळ इंग्रजी तीन वर्षांत येऊ शकते.

या नोकरीची काळी बाजूही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील बेटर डॉट कॉम या कंपनीच्या प्रमुखाने सुमारे ९०० माणसांना एका झूम कॉलवर कामावरून काढल्याचे सांगितले. साधन उत्तम चालले, निरोप सर्वांना एकाच क्षणी पोहोचला! अशा वेळी निरोपाचे शब्द लिहायला अंतर्गत संवादवाल्यालाच बोलावतात. “असे सांगू नका, माणसांना आधी एकेकट्याने भेटा” असे साहेबाला म्हणण्याची हिंमत नियुक्तिपत्रात लिहिलेली नसते.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय : आपल्या शाळेच्या सूचना फलकावरील सर्व कागद वाचा. मुदत संपलेले किती ते मोजा. राहिलेल्यांपैकी सर्वांत अवघड एक निवडा आणि तीच सूचना ६० शब्दांत तीनदा लिहा : सहावीच्या मुलासाठी, त्याच्या आजीसाठी आणि शाळेच्या बसचालकासाठी. बसचालकाची सूचना हिंदीत चालेल. ती त्याला वाचायला द्या, आणि त्याला काय समजले ते त्याच्याच शब्दांत खाली लिहून आणा. कागद वर्गशिक्षकांकडे द्यावेत, मी स्वतः वाचणार आहे.