नोंदणी राहिली, म्हणून वॉरंटी गेली?

प्रश्न : सुतारकामाच्या ड्रिल मशीनवर ‘लाइफटाइम वॉरंटी’ होती. नोंदणी राहून गेली, आता मशीन बंद पडलंय. दुकानदार म्हणतो, धंद्याचं मशीन, तक्रारही चालणार नाही. पैसे बुडाले का?
– एक सुतार, वरसे (ता. रोहा)

उत्तर : लगेच तसं धरून चालू नका. आधी वॉरंटी कार्ड नीट वाचा. अनेकदा नोंदणीवर फक्त जादा मुदत मिळते. मूळ मुदत बिलाच्या तारखेपासूनच धरतात. ‘आजीवन’ हमीही बहुधा उत्पादनातल्या दोषापुरती असते. कार्बन ब्रशसारखे झिजणारे भाग त्यात सहसा येत नाहीत. मशीन बाहेर उघडू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या आणि दोष, सिरीयल नंबर लिहिलेली पावती घ्या. बिलाची झेरॉक्स आजच काढा, थर्मल कागदावरची अक्षरं उडतात.

दुकानदाराचं म्हणणं मात्र चूक आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला वस्तू घेणारा माणूस २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकच ठरतो. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुढे अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत तेवढी चुकवू नका.