उपकरणे, कार्यप्रणाली आणि ड्रायव्हर

संगणकाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या आज्ञा वेगळ्या असतात. प्रिंटरला कळणारी आज्ञा स्कॅनरला कळत नाही. जगातील सर्व उपकरणांच्या आज्ञा कार्यप्रणालीला (म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमला) ठाऊक असणे अशक्य असल्यामुळे दोहोंमध्ये दुभाष्याची योजना करावी लागते. हा दुभाष्या म्हणजे ‘ड्रायव्हर’ नावाचा प्रोग्रॅम होय.

१९९६ साली आलेल्या यूएसबी पद्धतीत उपकरण जोडताच ते आपल्या उत्पादकाचा व आपल्या नमुन्याचा, असे दोन क्रमांक सांगते. त्यांवरून कार्यप्रणाली योग्य ड्रायव्हर शोधते. कळफलक, माउस यांसारख्या प्रमाणित उपकरणांना सर्वसाधारण ड्रायव्हर पुरतो. येथवर सर्व प्रणालींची रीत सारखीच आहे. खरा भेद आहे तो ड्रायव्हर कोण सांभाळतो, यात.

विंडोजमध्ये ही जबाबदारी बहुधा उत्पादकाकडे असते. जुने ड्रायव्हर चालत राहावेत म्हणून प्रणालीही आपले नियम सहसा बदलत नाही. परंतु ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ३२ बिटांचे ड्रायव्हर चालेनात, तेव्हा ते नव्याने तयार करणे भाग पडले. जेथे उत्पादकाने ते केले नाही, तेथे सुस्थितीतील उपकरणेही निरुपयोगी ठरली.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, समाविष्ट असतात. गाभ्याचे अंतर्गत नियम वारंवार बदलतात. मात्र जो बदल करतो, त्यानेच त्यातील सर्व ड्रायव्हर दुरुस्त करावयाचे असतात. त्यामुळे उत्पादकाने पाठ फिरवली तरी जुने उपकरण चालू राहू शकते. उलटपक्षी, उत्पादकाने माहिती दिली नाही, तर नव्या उपकरणाला वाट पाहावी लागते.

गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरला जवळजवळ सर्वाधिकार असतात. म्हणून त्याची एक चूक संपूर्ण संगणक बंद पाडू शकते. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-प्रोग्रॅमच्या गाभ्यातील ड्रायव्हरला सदोष माहिती पुरवली गेली आणि विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. अ‍ॅपलने २०१९ पासून मॅकओएसमध्ये अनेक ड्रायव्हर गाभ्याबाहेर चालविण्याची सोय केली, ती हाच धोका ओळखून. विंडोज व लिनक्समध्येही काही उपकरणांसाठी अशी व्यवस्था आहे.

तात्पर्य, उपकरणाचे आयुष्य केवळ त्याच्या यंत्ररचनेवर अवलंबून नसते. त्याचा ड्रायव्हर पुढे कोण सांभाळणार, यावरही ते तितकेच अवलंबून असते.